येण्याजाण्याची जागा

त्याचा फायदा काय होता हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे त्याची कीव करायची वेळ आली तर वाचणाऱ्याने हात जरा आखडता घ्यावा. फायदा म्हणजे एक पितळी पाटी. हातभर रुंद, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि मध्ये कोरलेलं, की ही इमारत निसर्गाला सांभाळून बांधलेली असून तिला सुवर्ण दर्जा देण्यात येत आहे. पाटी लागणार होती त्याने आखलेल्या नव्या सुपरमार्केटच्या दाराशी. पण तिचा उजेड पडणार होता दुसऱ्याच दारावर. त्याच्या ऑफिसच्या दारावर थोरल्या भागीदाराच्या नावाखाली चार बोटं जागा मोकळी होती. ती जागा तो एकोणीस वर्षं जाता-येता बघत आला होता, आणि थोरल्या भागीदाराने, सुवर्ण आण आणि नाव लाव, असं हसत हसत का होईना पण चार आर्किटेक्टांसमोर म्हटलं होतं. शिवाय मेव्हण्याचं तोंड बंद होणार होतं. हा फायदा कागदावर मांडता येत नाही, पण घरात जेवायला बसल्यावर त्याचं वजन कळतं. मेव्हणा दर भेटीत भाजी वाढून घेता घेता विचारायचा, "काय दाजी, अजून दुसऱ्याच्याच दारातून आत जाता का?" आणि बायको हसू दाबायला स्वयंपाकघरात जायची. सुवर्ण दर्जाला सत्तर गुण लागत. इमारतीचे कागदावर एकाहत्तर झाले होते. दुकान वर्षभर चाललं की तपासनीस येणार, सगळं डोळ्यांनी बघणार आणि मग पाटी. त्या एकाहत्तरातले दोन गुण कुठून आले ते त्याला माहीत होतं, आणि अंगावरची चामखीळ माहीत असते तसं ते तो विसरूनही गेला होता.

तपासणीला नऊ दिवस राहिले असताना, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, तो गिऱ्हाइकासारखा दुकानात शिरला. आपल्या मुलाचं कौतुक चाललेलं असताना दाराआड उभं राहून ऐकावं, तसा. घ्यायचं काही नव्हतं, म्हणून दाढीची ब्लेडं आणि साबण उचलला आणि सावकाश हिंडला. फ्रिजच्या कपाटांना दारं होती, गार हवा बाहेर सांडत नव्हती. त्याच कपाटांची उष्णता मागे हात धुवायचं पाणी तापवत होती. छतावर गवत होतं, गवताखालून पावसाचं पाणी टाकीत जात होतं, आणि छताच्या पुढच्या अंगाला जी लांबलचक तिरकी काच त्याने बसवली होती तिच्यातून इतका उजेड येत होता, की पुढचे दिवे आपणहून विझले होते. हे सगळं खरं होतं. त्याने खोटी इमारत बांधलेली नव्हती. भाज्यांपाशी एक म्हातारी मान वर करून म्हणाली, देवळासारखं वाटतं नाही, आणि त्याला हातातला साबण एकदम हलका लागला. पैसे द्यायला पाच काउंटर होते. चार काउंटरांवर रांगा होत्या, उरलेल्या एकावर एकच माणूस. चार नंबरवर. आपलं नशीब, असं मनात म्हणून तो तिथे गेला. नशीब असं दुपारी मोकळं का पडलेलं असतं, हे विचारायला तो शिकलेला नव्हता.

काउंटरवरची बाई चाळिशीची होती. डोक्यावर पुरुषी टोपी, तिची कड नाकापर्यंत ओढलेली, मानेवर ओला रुमाल. काचेकडच्या बाजूला खांबाला दोरी बांधून तिने एक पुठ्ठा टांगला होता, साबणाच्या खोक्याचा, पण ऊन आता त्याच्या कडेवरून निसटून तिच्या कपाळावर, हातांवर, मशीनच्या पडद्यावर उतरलं होतं. तिने ब्लेडचं पाकीट लाल डोळ्याच्या यंत्रासमोर धरलं, यंत्र गप्प. पुन्हा धरलं, गप्प. मग पाकीट ओंजळीत घेऊन, डोळे बारीक करून, ती एकेक आकडा बोटाने दाबायला लागली, आणि मान वर न करताच म्हणाली, "दादा, जरा डावीकडे सरकता? अजून थोडं. हां. आता हलू नका."

तो डावीकडे सरकला. त्याची सावली तिच्यावर पडली. यंत्र लगेच टिर्र करून बोललं.

ती मनापासून हसली. उंच गिऱ्हाईक आलं की तिला बरं असतं म्हणाली. ठेंगणी माणसं आली की तिचं नशीबच ठेंगणं. ऊन चाळीस मिनिटं असतं, मग समोरच्या इमारतीमागे जातं. एक ते तीन नंबरवर वेल चढवलेल्या जाळीची सावली पडते, पाचवर तुळईची, मध्ये चार नंबर तेवढा उघडा. यंत्राला उन्हात दिसत नाही, आकडे हाताने मारावे लागतात, म्हणून हात मंद, म्हणून दर महिन्याला मागच्या खोलीत कुणी किती माणसं उरकली त्याची जी यादी लागते तिच्यात ती शेवटी. तीनदा शेवटी आलं की काउंटर जातो, आणि काउंटर गेला की खुर्ची जाते. दोनदा झालेलं होतं. काउंटरं आळीपाळीने का बदलत नाहीत, असं त्याने विचारलं. विचारताना स्वतःचा आवाज त्याला एखाद्या दूरच्या, सभ्य माणसाचा वाटला. बदलत होते, ती म्हणाली, पण मग सगळ्याच मंद पडायला लागल्या, म्हणून मॅनेजरने ठरवलं की एकीनेच मंद व्हावं. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. शेजारणीच्या सुनेबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग साबण पिशवीत टाकत म्हणाली, "बांधणाऱ्याला तरी काय माहीत, इथे कुणी बसणार आहे म्हणून."

त्याने पिशवी घेतली आणि तरी तो हलला नाही. काउंटरच्या स्टीलच्या कडेवर नखांना लावायच्या लाल रंगाने आखलेल्या बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी, कुठे दाट कुठे विरळ, प्रत्येकीपाशी तसाच इवलासा आकडा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ऊन कुठे पोचतं आणि किती वाजता, याचा तिने लावलेला छडा होता तो. पुठ्ठा कधी किती सरकवायचा ते तिला त्यावरून कळायचं. ऑफिसात तेच काम करणारं सॉफ्टवेअर होतं, त्याचा परवाना दरवर्षी नवा करावा लागे, आणि पडद्यावर सूर्य पिवळ्या चेंडूसारखा इमारतीवरून सरकताना बघायला थोरला भागीदार गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलवायचा. चेंडूनेही हेच सांगितलं होतं. याच जागी, याच वेळी. त्याच्यात आणि ह्या नखरंगात फरक इतकाच होता, की नखरंगाला कुणी, हे नको दाखवू, असं म्हटलं नव्हतं.

तेव्हा एकीने विचारलंही होतं. ऑफिसात आकडेमोड करणारी एक इंजिनियर मुलगी होती. तिला सगळे हिशेबनीस म्हणत, आणि ते तिला आवडत नसे. काचेखाली आधी आडव्या पट्ट्या होत्या, ऊन अडवणाऱ्या. पट्ट्या ठेवल्या की आत उजेड कमी पडे आणि उजेडाचे दोन गुण जात. काढल्या की चार नंबरवर ऊन पडे आणि बसणाऱ्याच्या सोयीचे दोन गुण जात. म्हणजे कसंही धरलं तरी एकोणसत्तर. हिशेबनीस कागद घेऊन त्याच्यासमोर उभी होती, आणि तो फॉर्ममधली यादी वाचत होता: काम करायची जागा, साठवणीची जागा, येण्याजाण्याची जागा. येण्याजाण्याच्या जागेला सोयीचा नियम लागू नव्हता. जिना, बोळ, वऱ्हांडा, जिथे माणूस दहा मिनिटांच्या वर टिकत नाही ती सगळी. त्याने विचारलं, काउंटरपाशी गिऱ्हाईक किती वेळ थांबतं? सरासरी सहा मिनिटं, ती म्हणाली. मग झालं, काउंटर येण्याजाण्याच्या जागेत धर, तो म्हणाला. तिने कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पण सर, पलीकडच्या बाजूला एक माणूस असतो ना. तो आठ तास असतो." आणि तो काय म्हणाला ते आता, पिशवी हातात धरून सुपरमार्केटच्या उन्हात उभं असताना, त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं: "फॉर्ममध्ये काउंटरला एकच बाजू आहे." ऑफिसात दोघंतिघं हसले होते. चांगला विनोद होता. तो स्वतःही संध्याकाळपर्यंत त्यावर खूश होता, आणि घरी जाऊन बायकोला सांगायचाही त्याचा विचार होता. पण सांगायला लागल्यावर त्यात समजावून देण्याचं इतकं निघालं, की विनोद राहिला नाही.

बाहेर येऊन तो सायकली लावायच्या जागेपाशी उभा राहिला. तिथेही त्याला गुण होता. कान तापले होते. ऊन लागलं असावं, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं, पण त्याच्या तर पाठीवर ऊन होतं, कान सावलीत होते. माणसाला लाज कुठून चढते ते त्याला लहानपणापासून माहीत होतं, मानेच्या मागच्या बाजूने. वडील घड्याळं दुरुस्त करत. रस्त्याकडेला काचेची एक पेटी आणि तिच्यामागे वडील, डोळ्यात भिंग, मांडीवर फडकं. ह्या वडिलांवर त्याचं बरंच काही उभं होतं. कुठेही भाषण करायचं असलं की तो सुरुवात त्यांच्यापासून करी: उजेड मी शाळेत शिकलो नाही, वडिलांच्या काचेपाशी शिकलो, ते दिवसभर सूर्याबरोबर काम करत, दिवा लावत नसत. इथे तो जरा थांबे. लोकांना ते आवडे. मागे एकदा एका बाईंनी डोळे पुसले होते. सांगायचं राहून जाई ते इतकंच, की काचेला आतून एक पडदा होता. आईने जुन्या धोतराचा शिवलेला, दोरीवर कड्यांनी ओवलेला, आणि वडील दर अर्ध्या तासाने, हातातलं घड्याळ खाली न ठेवता, कोपराने तो चार बोटं पुढे ढकलत. दुपारभर कड्यांचा तो सर्र आवाज. शाळेतून आल्यावर पडदा ढकलायचं काम त्याचं असे, आणि खेळात लक्ष गेलं की वडील रागवत नसत, नुसतं म्हणत, "अरे, डोळ्यात आलं." एवढंच. पडदा भाषणातून त्याने ठरवून काढला नव्हता. पडद्याने गोष्ट लांबत होती, आणि उजेडाच्या गोष्टीत पडदा आला की लोक गोंधळतात. आडव्या पट्ट्यांबद्दलही त्याने असंच काहीतरी म्हटलं होतं. पण कड्यांचा आवाज भाषणाला येणाऱ्यांना ऐकू येत नसला तरी त्याला येत असे. तिथे थांबण्याचं खरं कारण तेच होतं, आणि लोकांना वाटे, वडिलांच्या आठवणीने गळा दाटला.

पुढचे नऊ दिवस तो फार चांगला माणूस होता. मनातल्या मनात. पहिल्या दिवशी त्याने पट्ट्यांचं जुनं ड्रॉइंग काढून टेबलावर पसरलं, तिसऱ्या दिवशी ते गुंडाळलं, चौथ्या दिवशी तपासनिसाला पत्र लिहायला घेतलं, त्यात, नजरचुकीने, हा शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा खोडला गेला, कारण नजर चुकली नव्हती. पाटी मिळाल्यावर दोन महिन्यांनी हळूच पट्ट्या बसवून टाकू, असंही त्याने ठरवलं. हे ठरवून त्याला झोप लागली. आणि सकाळी उठल्यावर आठवलं, की दुकानाच्या मालकाने इमारतीतला एक खिळाही दर्जा असेपर्यंत हलवायचा नाही, असं करारातच लिहून घेतलेलं होतं, आणि ते कलम त्याने स्वतः सुचवलेलं होतं. सातव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. चार नंबरवाली पुठ्ठा टांगते, बरं दिसत नाही, त्या दिवसापुरता काढायला लावू ना, असं त्याने विचारलं. नको काढू, असं म्हणायला एक क्षण पुरतो. तो क्षण फोनवर चांगला लांबलचक होता, मॅनेजरने दोनदा हॅलो केलं. मग त्याने तपासणीची वेळ सकाळी अकराची ठरवून घेतो म्हणून सांगितलं, अकराला ऊन त्या बाजूला नसतंच. आणि पुठ्ठ्याचं, तो म्हणाला, तुम्ही बघा. हे, तुम्ही बघा, त्याला पुढे पुष्कळ दिवस पुरलं.

तपासनिसाची गाडी चुकली. अकराऐवजी तो आला सव्वातीनला: ठेंगणा, हसरा, साठीकडे झुकलेला माणूस, खिशात पेपरमिंट, गळ्यात उजेड मोजायचं छोटं यंत्र. परतीची गाडी साडेचारची होती, म्हणून त्याने भराभर बघितलं, पण नीट बघितलं. फ्रिजच्या दारांची रबरं बोटाने दाबून पाहिली, टाकीत वाकून वास घेतला. विझलेल्या दिव्यांखाली उभा राहून म्हणाला, इतकी मनापासून केलेली इमारत त्याने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तीन पंचवीसला ते काउंटरांपाशी आले. पुठ्ठा नव्हता. दोरी तेवढी खांबाला होती. टोपीही नव्हती, मॅनेजरने सगळ्यांना एकसारखं दिसायला सांगितलं असावं. ऊन रेघेवर होतं, ह्या महिन्याच्या, अगदी नेमकं, आणि ती त्यात बसलेली होती, डोळे जवळजवळ मिटून, एका गिऱ्हाइकाचे आकडे हाताने मारत. तपासनीस तिच्या दिशेने वळला. वळता वळता त्याने गळ्यातलं यंत्र हातात घेतलं.

त्यानंतर काय झालं ते पुढे त्याने शेकडो वेळा तपासलं, आणि प्रत्येक वेळी ते तसंच निघालं. त्याचा डावा पाय उचलला गेला. एक पाऊल, मग अजून थोडं. त्याची सावली तिच्यावर पडली, आणि तो हलला नाही. तिने डोळे उघडले, वर बघितलं, त्याला ओळखलं. गिऱ्हाइकाचं उरलेलं सामान यंत्राने टिर्र टिर्र करत घेतलं. तपासनिसाने आपलं यंत्र काउंटरवर धरलं, आकडा बघितला, मान डोलावली, मग वाकून, माणसाशी बोलायच्या आवाजात विचारलं, "बाई, इथे दुपारी ऊन येतं का? बसायला त्रास होतो?"

ती आधी मॅनेजरकडे बघत होती. मग तिने सावली धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. तिला काय वाटलं असेल, ते सांगायला फार अक्कल नको: हा उंच माणूस साहेबांबरोबर आलाय, हा आपल्यासाठी उभा राहिलाय, हा आपलं बघून घेणार आहे, याच्या देखत याच्या पाहुण्याकडे रडगाणं कशाला. आणि तिने खोटं सांगितलं नाही. "नाही साहेब," ती म्हणाली, "आत्ता नाही."

तपासनिसाने, नाही, लिहिलं.

पाय दयेने उचलला गेला की भीतीने, हा प्रश्न त्याने स्वतःला बऱ्याच मायेने विचारून पाहिला. दया काय, भीती काय, पाऊल एकाच दिशेने टाकायला लावतात, एकाच जागी उभं करतात, त्यामुळे ओळखणं कठीण. पण एक गोष्ट होती. मागच्या खेपेला सरकला तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलं होतं. या खेपेला तो यंत्रावरच्या आकड्याकडे बघत होता. सात मिनिटं तो तिथे उभा होता, तपासनिसाने सगळ्या काउंटरांची मापं घेऊन होईपर्यंत. मग छतावरचं गवत बघायला जायचं होतं, आणि तो निघाला. वळताना काचेत त्याला दिसलं, की ऊन परत तिच्यावर आलंय आणि तिने हाताने कपाळ झाकलंय, दुसऱ्या हाताने आकडे. छतावर छान वारा होता. तपासनिसाने त्याला पेपरमिंट दिलं आणि वडील काय करत असं विचारलं, आणि त्याने सांगितलं, काच, उजेड, सूर्याबरोबर काम. तो थांबायचा तिथे थांबला. खाली येऊन बाहेर पडताना चार नंबरवरून ती हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, आठवण ठेवलीत. आज तर किती वेळ उभे राहिलात." मानेच्या मागून काहीतरी वर चढत गेलं, कानापर्यंत, केसांपर्यंत. त्याने मान हलवली, जशी, असू दे असू दे, म्हणताना हलवतात.

पाटी लागली. दारावर नाव लागलं; चार बोटं जागेत ते मावलं, जरा दाटीने. हिशेबनीस समोर येऊन अभिनंदन सर म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता पाटीकडेच बघत राहिली, अक्षरांत काही चूक आहे का ते शोधावं तशी. मेव्हण्याने भाजी वाढून घेतली आणि म्हणाला, आता काय दाजी, स्वतःच्या दारातून आत जाताना किल्ली तरी सापडते ना. म्हणजे तो फायदाही पदरात पडला नाही. एका भाषणाला त्याने वडिलांची गोष्ट सुरू केली आणि ती पुढे जाईना. लोकांना वाटलं, गळा दाटला.

पावणेदोन महिन्यांनी, दुपारी साडेतीनला, तो पुन्हा दुकानात गेला. आगपेटी घेतली. चार नंबरवर वेगळीच मुलगी होती, विशीतली, गोरीमोरी झालेली, ओठ चावत आकडे मारणारी. स्टीलवरच्या लाल रेघा कुणीतरी ब्लेडने खरवडून काढल्या होत्या. पाटीच्या समारंभाला आलेल्या लोकांना दिसू नयेत म्हणून असेल. तो न सांगता डावीकडे सरकला. सावली पडली. मुलगी म्हणाली, "काका, पुढे या ना, रांग अडतेय." त्याने आधीच्या बाईंबद्दल विचारलं. त्या आत गेल्या, गोदामात, मुलगी म्हणाली. तिसऱ्यांदा शेवटी आल्या ना. मॅनेजरने विचारलं, गोदाम की घर, तर त्यांनी गोदाम घेतलं. तिथे खुर्ची नाही, खोकी उचलायची असतात, खिडकीपण नाही. पण बरं वाटतं म्हणतात, डोळ्यांना. आगपेटी पिशवीत टाकताना तिचा हात सरकला आणि स्टीलच्या खरवडलेल्या कडेवर त्याला एक नवी रेघ दिसली. निळी. एकच. अजून आकडा न घातलेली.

तर असं. वीज वाचली, ती खरी वाचली, वर्षाला किती ते पाटीखाली बारीक अक्षरांत दिलेलं आहे. मालकाला पाटी मिळाली, थोरल्या भागीदाराला पुढची तीन कामं, तपासनिसाला साडेचारची गाडी. त्याला मिळालं दारावरचं नाव. ह्या सगळ्याची किंमत म्हणून दिवसाची चाळीस मिनिटं आणि एक खुर्ची एका बाईने भरली, आता चाळीस मिनिटं दुसरी भरते आहे. त्याच्या खिशातून गेली ती सात मिनिटांची सावली. आणि तिच्याबद्दलही त्याचे आभार मानून झालेले आहेत.